घरं कुणाची?

1872 साली पांझरेने धुळं धुऊन काढलं. इम्पिरियल गॅझेटियरमध्ये त्यावर एकच वाक्य : घरांची, मालमत्तेची फार हानी. घरं कुणाची? ते साहेबाने लिहिलं नाही.

हीच पांझरा शिंदखेडा तालुक्यात मुडावदला तापीत पडते. ऑगस्ट 1968 ला तापी फुगली. सुरत बुडाली, ते सगळ्यांनी लिहिलं. तापीकाठच्या आमच्या महारवाड्याचं कोण लिहिणार? मित्रांनो, गावाने आपल्याला जागा दिली ती उताराला. पाणी आधी आपल्याच चुलीत. पंचनाम्यात पडलेल्या भिंती मोजल्या. कणगीतली ज्वारी, बकऱ्या धरल्याच नाहीत.

माय म्हणाली, “आते खाले नही जावानं.” वरच्या पडीत जागेवर तिने तीन दगड मांडले. गावाने दोनदा उधळले. तिसऱ्यांदा बापाने आधी भिंत घातली, मग चूल.