जुन्या व फेरबदल केलेल्या मोटारसायकली : योग्यता तपासणीतील सवलत (पांढुर्णा–सौंसर)

५० वर्षांहून जुन्या दुचाकींना केंद्रीय मोटार वाहन नियमांत 'व्हिंटेज' असा वेगळा दर्जा आहे. जुलै २०२१ मध्ये ८१-ए व त्यापुढील नियम घालून तो देण्यात आला. हा दर्जा मूळ रूपात जपलेल्या गाडीसाठी आहे. चेसिस किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेली गाडी कितीही जुनी असली तरी तिला हा दर्जा मिळत नाही. मध्यप्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात जुनी बुलेट, राजदूत वा येझदी घेऊ पाहणाऱ्याने सौद्याआधीच हे ध्यानात घ्यावे.

सर्वसाधारण खासगी मोटारसायकलीची नोंदणी १५ वर्षे चालते. पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्या वेळी गाडी आरटीओसमोर तपासणीला उभी करावी लागते. लोक यालाच 'पासिंग' म्हणतात. २० वर्षांहून जुन्या मोटारसायकलीच्या नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० रुपये झाले.

व्हिंटेज नोंदणी १० वर्षांची असते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीला ५,००० रुपये लागतात. नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. मोबदल्यात वापरावर बंधन येते. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच गाडी रस्त्यावर आणता येते. संत्र्याच्या बागेत रोज जाण्यासाठी जी गाडी लागते, तिला हा दर्जा घेऊन उपयोग नाही. ती साध्या नोंदणीवरच ठेवणे शहाणपणाचे.

वयाचा हिशेब पहिल्या नोंदणीपासून होतो. एस्कॉर्ट्सची राजदूत १९६० च्या दशकात बाजारात आली, म्हणून तिच्या सुरुवातीच्या गाड्या वयाच्या अटीत बसतात. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने येझदी हे नाव १९७३ पासून वापरले. त्यामुळे सध्या फक्त तिच्या पहिल्या काही वर्षांच्या गाड्याच पात्र ठरतात. तरुणांची लाडकी यामाहा आरएक्स १०० मात्र १९८५ ची. तिला २०३५ पर्यंत थांबावे लागेल.

फेरबदलाचा प्रश्न मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ खाली येतो. उत्पादकाच्या मूळ वर्णनाहून वेगळे ठरणारे बदल चालत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. कलम १८२-ए नुसार परवानगीविना असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. फटाक्यासारखा आवाज काढणारा सायलेन्सर हा ध्वनिप्रदूषणाचा वेगळा गुन्हा आहे. झिजलेले टायर, ब्रेकचे लायनर, वायरिंग बदलणे ही मात्र निव्वळ दुरुस्ती आहे. जुनी गाडी सुरक्षित ठेवायची तर ती वेळोवेळी करायलाच हवी.

ब्रिटनमध्ये २० मे २०१८ पासून ४० वर्षांपुढच्या वाहनांना वार्षिक तपासणीतून सूट आहे. पण गेल्या ३० वर्षांत मोठा बदल झाला असेल तर तीही मिळत नाही. मूळपणाची अट अशी दोन्हीकडे आहे. पण भारतातल्या नियमाने वापरावरही बंधन घातले आहे, आणि जुनी गाडी प्रेमाने चालवणाऱ्यावर हे बंधन जड पडते.

या भागातला खरा पेच मध्यप्रदेश-महाराष्ट्र सीमेचा आहे. पांढुर्णा ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. त्यापूर्वी दोन्हीकडच्या गाड्या एमपी-२८ च्या. बाजार मात्र नागपूरचा. सावनेर ओलांडले की एमएच-४० ची गाडी हाताशी येते. ती आणून वापरायची तर मूळ कार्यालयाची एनओसी, नावावर करण्याचे अर्ज आणि १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इकडे ठेवल्यास नवा क्रमांक हे सारे लागते. आरसीवरचा चेसिस नंबर व इंजिन नंबर गाडीवर ठोकलेल्या नंबरांशी जुळतो का, हे पैसे देण्याआधी पाहावे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी नागपूर आणि छिंदवाडा एकाच मध्यप्रदेशात होते, म्हणून त्या काळातल्या गाडीचे मूळ नोंदणीपुस्तक सीमेच्या पलीकडच्या कार्यालयाचे असू शकते. ते जीर्ण झाले तरी टाकू नये. पहिल्या नोंदणीची तारीख सिद्ध करायला तेच कामी येते.