न सापडलेल्या पदार्थाचा शोध

कचेरीत एखादी फाईल आठवडाभर शोधावी, कपाटे पालथी घालावीत, आणि अखेर ध्यानात यावे की त्या नावाची फाईल कधी उघडलीच गेली नव्हती, असा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांनी घेतला असेल. जीवरसायनशास्त्राने तोच अनुभव सुमारे वीस वर्षे घेतला.

आपण घेतलेल्या श्वासातील प्राणवायू अखेर पेशीतील तंतुकणिकांत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, पोहोचतो. अन्नाचे ज्वलन तेथे पुरे होते आणि त्या ज्वलनाची शक्ती एटीपी या रसायनात भरली जाते. १९२९ साली या रसायनाचा शोध लागला. त्या शोधकांत आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव हेही होते. शरीरात एका वेळी ते फार तर शे-दीडशे ग्रॅम असावे, परंतु ते इतक्या वेळा मोडते व पुन्हा घडते की दिवसभराची गोळाबेरीज माणसाच्या वजनाच्या घरात जाते. हा कारखाना तंतुकणिकांत आहे हे केनेडी व लेनिंजर यांनी १९४८-४९ च्या सुमारास दाखवून दिले.

प्रश्न उरला तो असा : एकीकडे ज्वलन, दुसरीकडे एटीपीची घडण, मध्ये दुवा कोणता? १९५३ साली स्लेटर यांनी सुचविले की ज्वलनाची शक्ती प्रथम एखाद्या मध्यस्थ संयुगात साठत असावी. कल्पना सयुक्तिक होती. अनेक प्रयोगशाळा त्या संयुगामागे लागल्या. ते कोणालाही मिळाले नाही.

१९६१ साली पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञाने म्हटले की असे संयुग नाहीच. तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यातून इलेक्ट्रॉन पुढे सरकताना प्रोटॉन बाहेर लोटले जातात. पडदा त्यांना सहजी परतू देत नाही. धरणाच्या भिंतीमागे पाणी तुंबावे तसे ते बाहेर साचतात, आणि एका ठरावीक वाटेने आत शिरताना एटीपी घडवितात. पडद्याच्या दोन बाजूंतील विद्युद्दाब अवघा दीडशे मिलिव्होल्टच्या आसपास. परंतु पडदाच इतका पातळ, की मीटरच्या हिशेबाने तो सुमारे तीन कोटी व्होल्ट भरतो. शक्ती पदार्थात नव्हती, दोन बाजूंच्या अंतरात होती.

हे म्हणणे रसायनज्ञांस रुचले नाही. मिचेल यांची प्रकृतीही पोटातील व्रणांनी ढासळली आणि १९६३ साली त्यांनी एडिंबरो विद्यापीठाची जागा सोडली. कॉर्नवॉल परगण्यात बॉडमिनजवळ ग्लिन हाऊस नावाचा एक जुना, मोडकळीस आलेला वाडा होता. त्याची दुरुस्ती त्यांनी जातीने उभे राहून करवून घेतली, आणि वडील भावाच्या अर्थसाहाय्याने तेथे लहानशी प्रयोगशाळा थाटली. जेनिफर मॉइल या त्यांच्या जुन्या सहकारी. त्यांची चिकाटी नसती तर ही उपपत्ती केवळ कागदावर राहिली असती, असे मला वाटते.

पुरावे इतरांनीही दिले. १९६६ साली जॅगेनडॉर्फ व उरिबे यांनी पालकाच्या पानांतील हरितकणिका प्रथम आम्ल द्रवात आणि मग अल्कधर्मी द्रवात घातल्या. मिट्ट काळोखात एटीपी तयार झाले! १९७४ साली रॅकर व स्टोकेनियस यांनी तर मेदाच्या कृत्रिम पिशवीत जंतूचे जांभळे प्रथिन आणि बैलाच्या हृदयातील एटीपी घडविणारे प्रथिन एकत्र बसविले. एक प्रोटॉन लोटी, दुसरे एटीपी घडवी. त्यांना जोडणारे तिसरे संयुग तेथे असण्याचा संभवच नव्हता. १९७७ साली मिचेल आणि त्यांचे प्रमुख विरोधक यांनी एकाच समीक्षालेखात आपापली बाजू मांडली. त्यांत स्लेटरही होते. पुढच्या वर्षी रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिचेल यांना एकट्यांना मिळाले.

मात्र एका बाबतीत मिचेल स्वतःच चुकले. प्रोटॉन एटीपीच्या घडणीत प्रत्यक्ष भाग घेतात, असा त्यांचा आग्रह होता. पॉल बॉयर यांचे मत वेगळे : प्रोटॉनांच्या ओघाने प्रथिनाचा मधला भाग चक्रासारखा फिरतो, आणि त्या फिरण्याने तयार एटीपी सुटून बाहेर पडते. १९९७ साली जपानी शास्त्रज्ञांनी ते फिरणे सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहिले. मिचेल १९९२ सालीच निवर्तले होते.