गाणारा आणि गवविणारा

संगीत नाटकाचा इतिहास सांगू लागलो, की आपण बहुधा गाणाऱ्याचे नाव घेतो. त्याच्या गळ्यातले पद बांधले कोणी, त्याला साथ कोणी दिली, पडदे कोणी ओढले, याची चौकशी सहसा होत नाही. आम्ही गायनशास्त्राचे पंडित नव्हे. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले आणि वाचन झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. पण माल तयार झाला की तो कोणाकोणाच्या हातांनी झाला, हे विचारण्याची सवय आम्हांला त्या चळवळीने लावली. तोच प्रश्न आज आम्ही मराठी रंगभूमीला विचारणार आहोत. त्यासाठी दोन नावे जोडीने घेऊ : नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व आणि कृष्णराव गणेश फुलंब्रीकर ऊर्फ मास्तर कृष्णराव.

युरोपातील ऑपेरात ही दोन कामे उघड वेगळी असतात. गायक रंगमंचावर उभा असतो. संगीतसंचालक हातात छडी घेऊन वादकवृंदापुढे उभा राहतो, आणि त्याच्या इशाऱ्यावाचून एकही सूर निघत नाही. वेल्समधील किलव्हिनिद या कोळशाच्या गावी, एका खाणकामगाराच्या घरी, १९२२ साली जेरेंट एव्हन्स जन्मला. १९४८ साली तो लंडनच्या कॉव्हेंट गार्डनच्या रंगमंचावर प्रथम उभा राहिला आणि पुढे जगभर गाजला. त्याच नाट्यगृहाचे संगीतप्रमुखपद १९६१ ते १९७१ या काळात गेऑर्ग शोल्टी याच्याकडे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे कायमची मंडळी उभी राहिली, ती सरकारी अनुदानाच्या आधाराने. खाणकामगाराचा मुलगा तेथवर पोहोचला त्यामागे त्याचा गळा तर होताच, पण गावोगावच्या समूहगायनाची परंपरा होती आणि जनतेच्या पैशावर चालणारे नाट्यगृहही होते. आपल्याकडे यांपैकी काय होते आणि काय नव्हते, ते आता पाहू.

आपल्या संगीत नाटकाची मुहूर्तमेढ अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतला'ने रोवली. छडीवाला संचालक येथे नव्हता. चाल देणाऱ्याचे काम तालमीत संपे. प्रयोगाच्या रात्री पदाची लगाम गाणाऱ्याच्या हाती असे आणि 'वन्स मोअर' देणाऱ्या प्रेक्षकांच्याही. रंगमंचापुढे पायपेटी, सारंगी आणि तबला एवढाच वाद्यमेळ. तरीही गवविणारा होताच. फक्त तो दिसत नसे.

या दोघांच्याही मागे एकच गुरू उभा आहे. गायनाचार्य भास्करबुवा बखले १८६९ साली जन्मले. लहानपणी तेही किर्लोस्कर मंडळीत गाणारे नट होते. वयात येताना आवाज फुटला आणि त्या नोकरीतली त्यांची किंमत संपली. नाटक मंडळीत मुलाचा गळा हेच भांडवल. ते गेले, की मुलाचे पुढे काय, याची जबाबदारी कोणावरही नसे. किती मुले अशी वाटेला लागली असतील! भास्करबुवा मात्र खचले नाहीत. बडोद्यास फैज महंमदखाँ, पुढे आग्रा घराण्याचे नत्थनखाँ आणि मग अल्लादियाखाँ, अशा तीन थोर मुसलमान उस्तादांच्या पायाशी बसून त्यांनी विद्या मिळविली. १९११ साली त्यांनी पुण्यास भारत गायन समाज काढला. ज्या नाटकाने एकदा त्यांना दूर सारले, त्याच नाटकाला त्यांनी पुढे उत्तम चाली दिल्या.

नारायणराव राजहंस १८८८ चे. 'बालगंधर्व' ही पदवी त्यांना लोकमान्यांच्या तोंडून मिळाली, असे परंपरेने सांगतात. १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळीत आले आणि स्त्रीभूमिका करू लागले. १२ मार्च १९११ रोजी मुंबईस खाडिलकरांच्या 'मानापमाना'चा पहिला प्रयोग होता. चाली गोविंदराव टेंब्यांच्या. पूरबच्या ठुमरी-दादऱ्याचा रंग त्यांत उतरलेला. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. तरी खेळ बंद राहिला नाही. ते भामिनी होऊन उभे राहिले. ही कथा त्यांच्या कलानिष्ठेचे उदाहरण म्हणून सांगतात आणि ती निष्ठा थोरच होती. पण श्रोतेहो, एका माणसाच्या गळ्यावर सबंध मंडळीची चूल अवलंबून असली म्हणजे त्या माणसाला शोक करण्याचीही रजा मिळत नाही, हेही त्याच कथेत लिहिलेले आहे. ते वाचावयास आपण का कचरावे?

१९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी स्थापिली. नोकर होते ते मालक झाले. १९१६ साली 'स्वयंवर' आले. भास्करबुवांनी यमन, भीमपलास, बिहाग असे राग निवडून, ख्यालाच्या भारदस्त चिजा रुक्मिणीच्या पदांत आणून बसविल्या. जो गवई दरबारात आणि श्रीमंतांच्या बैठकीत ऐकावयाचा, त्याची विद्या आता पिटातल्या प्रेक्षकाच्या कानी पडू लागली. रागाचे नाव ज्यांस ठाऊक नाही असे शेकडो लोक भीमपलास गुणगुणत घरी जाऊ लागले. आमच्या मते मराठी रंगभूमीचे समाजावर याहून मोठे उपकार नाहीत.

पुढचा हिशेब मात्र कडू आहे. टेंबे आणि बोडस एकामागून एक बाहेर पडले. १९२० च्या 'द्रौपदी'वर अमाप खर्च झाला. खरे जरीचे शालू, खरी अत्तरे, डोळे दिपविणारे देखावे. साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष. कलावंतांस मान देण्यात बालगंधर्वांनी हात आखडला नाही. पण जमाखर्चाकडे पाहणारा कोणी नव्हता. मंडळीवर मोठे कर्ज झाले. बालगंधर्वांनी ते झटकून टाकले नाही. वर्षानुवर्षे गाऊन फेडीत राहिले. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसल्यांबरोबर त्यांनी मुंबईस 'संयुक्त मानापमान' केले. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे तो देशासाठी खेळ करतो! त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले आणि पुढच्या एप्रिलात भास्करबुवाही गेले.

आता मास्तर कृष्णराव. जन्म १८९८, आळंदीचा. फुलंब्रीकर हे आडनाव मात्र आपल्या मराठवाड्यातल्या फुलंब्री गावाचे. तेही बालनट म्हणून रंगभूमीवर आले आणि १९११ च्या सुमारास भास्करबुवांचे शिष्य झाले. गुरूनंतर गंधर्व मंडळीत चाली देण्याचे काम त्यांच्याकडे आले. १९३१ च्या 'कान्होपात्रा'त त्यांनी अभंगांना असे सूर दिले, की पंढरीचा वाळवंट नाट्यगृहात यावा. बालगंधर्वांच्या गळ्याला कोणती जागा शोभेल हे कृष्णरावांइतके थोड्यांनीच ओळखले असेल. जोडी म्हणावी ती ही.

पण त्याच १९३१ साली बोलपट आला. गिरणीत नवे यंत्र आले म्हणजे जुन्या कारागिराचे जे होते तेच नाटक मंडळ्यांचे झाले. १९३४ साली गंधर्व मंडळीचा पडदा पडला. दुसऱ्या वर्षी 'प्रभात'ने 'धर्मात्मा' काढला. पैठणच्या एकनाथांची, शिवाशीव झुगारून दलिताघरी जेवणाऱ्या संताची ही कथा. एकनाथ झाले बालगंधर्व, संगीत मास्तर कृष्णरावांचे. चित्रपटाचे नाव आधी 'महात्मा' होते. ते सेन्सॉरला रुचले नाही म्हणून बदलावे लागले.

येथे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. समोर प्रेक्षक नाही, 'वन्स मोअर' नाही, पद तुकड्यातुकड्याने घ्यावयाचे. यात बालगंधर्वांचा जीव रमला नाही. 'प्रभात'शी केलेली भागीदारी त्या एका चित्रपटावर संपली. ते पुन्हा रंगभूमीकडे वळले आणि वय उतरले, शरीर थकले तरी गात राहिले. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आला, १९६४ साली पद्मभूषण आले. संपत्ती आली नाही. १५ जुलै १९६७ रोजी ते गेले.

मास्तर कृष्णरावांची विद्या मात्र दुसऱ्याच्या गळ्यात उतरविण्याची होती. ती नव्या यंत्राबरोबरही चालली. 'माणूस', 'शेजारी' या चित्रपटांना त्यांनी संगीत दिले. 'वंदे मातरम्' राष्ट्रगीत व्हावे म्हणून समूहाला गाता येईल अशी चाल बांधून त्यांनी दिल्लीस प्रात्यक्षिके केली. डॉ. आंबेडकरांच्या विनंतीवरून बुद्धवंदना स्वरबद्ध केली. १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १९७४ साली ते निवर्तले.

यातून कोणी असा अर्थ काढील, की एक शहाणा आणि दुसरा भोळा. आम्ही तो काढीत नाही. ज्याचे हत्यार त्याच्या शरीरातच असते तो कारागीर वयाबरोबर हत्यार गमावतो. ज्याचे कौशल्य शिकवता येते त्याला नवा कारखाना मिळतो. हा फरक स्वभावाचा नाही, धंद्याच्या जातीचा आहे. आणि म्हणूनच पहिल्या जातीच्या माणसाची म्हातारपणाची तरतूद समाजाने करावयाची असते. कॉव्हेंट गार्डनला सरकार होते. गंधर्व मंडळीला सावकार होता.

ज्या मंडळीने मराठी माणसाला राग ऐकावयास शिकविले, तिच्यातल्या पडदेवाल्यांची, रंगवाल्यांची, भटारखान्यात राबणाऱ्यांची नावे इतिहासात नाहीत. मंडळी बुडाली तेव्हा त्यांना ना निधी होता, ना निवृत्तिवेतन. तेरणेच्या काठी ऊस गाळणाऱ्या आपल्या ढोकीला हे निराळे समजावून सांगावयास नको. हंगाम संपला की मजूर कुठे जातो, हे येथे प्रत्येकाने पाहिले आहे. आजही आपल्या भागात तमाशाचे फड, बँडवाले, भजनी मंडळे, गोंधळी राबत आहेत. त्यांच्या गाण्याला आपण टाळी देतो. ती अवश्य द्यावी. पण टाळी वाजवून झाल्यावर त्यांचा आवाज बसला तर त्यांच्या घरची चूल कशी पेटेल, एवढे विचारण्याची रीत या गावाने पाडावी. बालगंधर्वांचे ऋण फेडावयाचे असेल, तर ते असेच फेडता येईल.