मुंबईचा इंप्रूव्हमेंट ट्रस्ट

सन १८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत गांठीच्या तापाचे रोगी आढळूं लागले. डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनीं हा ताप म्हणजे प्लेगच होय, असें निदान केलें. पुढील कांहीं महिन्यांत लोक मिळेल त्या वाहनानें गांवोगांव पळूं लागले. गिरण्या ओस पडल्या, पेढ्यांवरील देवघेव थंडावली. १८९१ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ भरली होती. १९०१ सालीं ती ७,७६,००६ वर आली. वाढीची संवय झालेल्या शहरानें आपली संख्या घटलेली पाहिली.

या संकटाचें मूळ कोंदट वस्तींत आहे, अशी तत्कालीन राज्यकर्त्यांची समजूत होती. उंदीर व पिसू यांच्याकडे शास्त्रज्ञांचें लक्ष पुरतें वळावयाचें होतें. अंधाऱ्या खोल्या, अरुंद गल्ल्या व तुंबलेल्या मोऱ्या हेच रोगाचे कारखाने समजले जात. मग रस्ते रुंद करावयाचे, हवा खेळवावयाची आणि लोकांना राहण्यास नवी भूमि तयार करावयाची, असा विचार पुढें आला. परंतु हें काम करणार कोण आणि त्याचा पैसा देणार कोण? म्युनिसिपालिटीचें उत्पन्न तिच्या रोजच्या खर्चासच जेमतेम पुरे. शिवाय तिच्या सभागृहांत घरमालकांचें वजन मोठें. तेव्हां १८९८ सालीं, लॉर्ड सँडहर्स्ट गव्हर्नर असतां, एक स्वतंत्र कायदा करून ‘सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ नांवाचें निराळें मंडळ निर्माण करण्यांत आलें. स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरानें १८६६ सालीं असाच प्रयोग केला होता. मुंबईच्या मंडळांत म्युनिसिपालिटी, पोर्ट ट्रस्ट, व्यापारी मंडळ आणि गिरणीमालक यांचे प्रतिनिधि होते. परंतु सूत्रें सरकारनें नेमलेल्या अध्यक्षाच्या हातीं राहिलीं. ज्यांच्या गल्ल्या पाडावयाच्या, त्या भाडेकऱ्यांचा असा प्रतिनिधि त्यांत कोणीच नव्हता.

या मंडळाची अर्थव्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. सरकारनें व म्युनिसिपालिटीनें आपल्या मोकळ्या जमिनी ट्रस्टच्या स्वाधीन केल्या. त्यांच्या आधारावर ट्रस्टनें कर्जरोखे काढून बाजारांतून पैसा उभा केला. त्या पैशानें आणखी जमीन संपादन करावयाची, भर घालून ती सपाट करावयाची, रस्ते व गटारें बांधावयाचीं, आणि मग तिचे तुकडे पाडून ते ९९ किंवा ९९९ वर्षांच्या पट्ट्यानें द्यावयाचे. जमिनीचें जें भाडें येईल, त्यांतून कर्जाचें व्याज आणि मुद्दल फिटावें, हा हिशेब. तोंडमिळवणी न झाल्यास म्युनिसिपालिटीनें भर घालावयाची. मात्र ही भर करपात्र मूल्याच्या शेंकडा दोहोंपेक्षां अधिक होतां कामा नये, अशी मर्यादा कायद्यानें घातली होती. विहीर खणण्यासाठीं कर्ज काढावें आणि बागाइताच्या उत्पन्नांतून तें फेडावें, तशीच ही योजना. भेद एवढाच कीं, शेतकऱ्याचें कर्ज त्याच्या एकट्याच्या माथीं असतें. येथें मात्र पाणी लागण्यास उशीर झाला तर जामीन सारें शहर होतें.

आणि उशीर झालाच. जुन्या शहरांत प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे प्रशस्त रस्ते झाले. परंतु घरें पाडण्याचें काम जितकें झटपट होतें, तितकें बांधण्याचें होत नाहीं. उठविलेलीं गरीब कुटुंबें कामाचें ठिकाण सोडून दूर जाणार कशीं? तीं शेजारच्या गल्लींतच दाटीनें शिरलीं. एका ठिकाणची गर्दी मोडून दुसऱ्या ठिकाणीं वाढली. हा दोष ध्यानांत आल्यावर ट्रस्टनें स्वतः चाळी बांधल्या. पुढें अध्यक्ष झालेले जे. पी. ऑर यांनीं तर खोलींत उजेड यावा म्हणून समोरच्या इमारतीची उंची किती असावी, याचा ६३॥ अंशांचा नियमच सांगितला. नियम उत्तम, परंतु मोकळी जागा सोडली कीं खोल्या कमी होतात आणि खोल्या कमी झाल्या कीं भाडें चढतें, हा व्यवहार कोणत्याही नियमाला चुकवितां आला नाहीं.

ट्रस्टचें खरें यश उत्तरेकडे, दादर, माटुंगा व शीव या बाजूस दिसतें. शेतें, वाड्या आणि दलदल असलेल्या त्या प्रदेशांत आधीं रस्ते आणि मोऱ्या झाल्या, मग घरें आलीं. मुंबईच्या वाढीचा जुना क्रम येथें उलटा झाला. प्रारंभीं फारसे कोणी तिकडे फिरकेना. पहिल्या महायुद्धानंतर मात्र तुकडे भराभर उठूं लागले आणि हिंदु कॉलनी, पारशी कॉलनी, पांच उद्यानें अशी नवी, झाडांनीं भरलेली मध्यमवर्गीय मुंबई उभी राहिली. प्लेगांत होरपळलेला मांडवीचा हमाल मात्र तेथें अभावानेंच पोंचला.

ट्रस्टच्या कार्याचीं हीं दोन टोकें एकाच थोर पुरुषाच्या चरित्रांत एकत्र आलेलीं आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षें परळ येथील ट्रस्टच्या चाळींतील दोन खोल्यांत राहिले. पुढें १९३० नंतरच्या दशकांत त्यांनीं हिंदु कॉलनींत ‘राजगृह’ बांधलें आणि आपला ग्रंथसंग्रह तेथें नेला. परळहून दादर तें किती दूर! परंतु चाळींतून कॉलनीपर्यंतचें हें अंतर तुटावें, यासाठीं असामान्य बुद्धि आणि असामान्य कष्ट लागले. सामान्य शेजारी तेथेंच, त्याच खोल्यांत राहिला.

१९३३ सालीं ट्रस्ट म्युनिसिपालिटींत पूर्णपणें विलीन झाला. जमिनी, चाळी आणि कर्ज सर्वच तिच्याकडे गेलें. कल्पना मात्र टिकली. १९१५ च्या नगररचना कायद्यानें, नव्या रस्त्यांमुळें जमिनीचें मोल वाढेल त्या वाढीचा निम्म्यापर्यंतचा भाग मालकाकडून घेण्याची तरतूद केली होती. १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनेंही जमीन हेंच भांडवल मानून नवी मुंबई वसविली. पट्टा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतील असो वा आजचा, तत्त्व एकच: वाढणाऱ्या शहरानें आपला खर्च आपल्या वाढींतूनच भागवावा.

तत्त्व न्याय्य आहे. परंतु रस्त्याचा लाभ तुकडा घेणाऱ्यास मिळतो, कर्जाचा भार सर्व करदात्यांवर पडतो, आणि घर मोडतें तें तिसऱ्याचेंच. ९९ वर्षांच्या ज्या पट्ट्यांनीं ही व्यवस्था बांधली गेली, त्यांच्या मुदती आपल्याच पिढीच्या डोळ्यांदेखत संपत आहेत. ते नव्यानें लिहितांना या तिसऱ्या माणसाचें नांव कोठें तरी असावें, एवढीच अपेक्षा हा इतिहास करतो.