दुष्काळातून आलेली सुई

रुखवत मांडले की लाडू-चिरोट्यांच्या ताटांशेजारी एक पांढराशुभ्र कोपरा हमखास दिसतो. क्रोशाचे तोरण, टेबलावरचा रुमाल, दुधाच्या भांड्यावर घालायची कडेला मणी ओवलेली जाळी. पाहुणे लाडवांचा आकार पाहतात, चांदीची भांडी मनातल्या मनात मोजतात, आणि या कोपऱ्यापाशी आले की "मुलगी मोठी हौशी दिसते" एवढे बोलून पुढे सरकतात. हौस हा शब्द मला येथे नेहमी खटकत आला आहे. या सुईचा हौसेशी संबंध आला तो पुष्कळ उशिरा. तिचे खरे माहेर उपासमारीचे आहे.

'क्रोशे' हा शब्द फ्रेंच. अर्थ लहानसा आकडा. दोन सुयांचे विणकाम युरोपात जुने. ही एकटी आकड्याची सुई त्या मानाने वयाने लहान. तिच्या नमुन्यांची छापील वाट १८२४ च्या सुमारास 'पेनेलोपे' नावाच्या डच मासिकात सुरू होते. तेव्हा ते सुखवस्तू घरांतील लेकीसुनांचे काम होते. १८४५ साली आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला आणि सारे चित्र पालटले. गरिबांचे अन्न बटाटा हेच. पुढच्या सहा-सात वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसे मेली, आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. तेव्हा कॉर्क परगण्यातील जोगिणींच्या मठांनी आणि क्लोन्स गावी कॅसांड्रा हँड या पाद्र्याच्या पत्नीने उपाशी घरांतील बायकामुलींच्या हाती ही सुई दिली. सुई म्हणजे तरी काय? बुचाच्या किंवा लाकडाच्या मुठीत खोचलेली तार आणि तिच्या टोकाला कानशीने पाडलेला आकडा.

येथेच उठावाच्या विणीची गोष्ट सुरू होते. व्हेनिसची सुईकामाची लेस राजेरजवाड्यांची. तिच्यातील फुले कापडापासून वर उचललेली, बोटाला लागणारी. ती करायला महिनेच्या महिने लागत. आयरिश बायकांनी त्या फुलांची नक्कल आकड्याच्या सुईने केली. आत जाड दोरा धरून त्यावर दाट टाके घातले, पाकळीच्या मागे साखळीचा फास टाकून त्यावर दुसरी पाकळी उभी केली. काम कितीतरी लवकर होई आणि पॅरिस-लंडनच्या बाजारात विकले जाई. ज्या उठावदार गुलाबाकडे पाहून आपण 'किती नाजूक!' म्हणतो, तो अशा घरांत जन्मला जिथे रात्रीच्या भाकरीची खात्री नव्हती.

आपल्याकडे ही सुई कोणत्या जहाजातून कोणत्या दिवशी उतरली याचा दाखला शोधण्यात फारसा अर्थ नाही. ज्या वाटेने शिवणवर्ग आले त्या वाटेने ती आली, असे मानायला हरकत नसावी. मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळांत लिहिण्यावाचण्याच्या जोडीला शिवणकाम असे. सिंथिया फॅरर या अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईत आल्या आणि १८३९ साली अहमदनगरला गेल्या. अशा शाळा त्यांनी जन्मभर चालविल्या. आपल्या आजोबा-पणजोबांना मुलीने वाचावे हे पटत नव्हते, पण मुलीने शिवावे याला त्यांची ना नव्हती. पुष्कळ घरांत पाटी सुईच्या आडोशाने शिरली.

पण दुष्काळाशी गाठ येथेही चुकली नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले, पुढे ते पुण्यास नेले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा आणल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यांनीच भरून गेले. शेकडो मुलींच्या पोटाचा प्रश्न सोडवायचा म्हणजे हाताला धंदा हवा, हे रमाबाईंनी ओळखले होते. शेती, छापखाना, शिवण, विणकाम सारे तेथे होते. १९०९ साली पुण्यात सेवासदन निघाले. त्याच्या मागे रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर ही माणसे. तेथल्या शिवण-भरतकामाच्या वर्गांतूनही हाच विचार होता: विधवेने दिराच्या घरी तुकडा मोडून खाऊ नये, स्वतःच्या बोटांवर जगावे.

मग हे काम हौसेचे कसे झाले? मला वाटते, मध्यमवर्गाने ते आपलेसे केले तेव्हा. जे विधवेच्या पोटासाठी होते ते कुमारिकेच्या रुखवतासाठी झाले. त्यात पैसा नको, बाजार नको. उलट बाजारात विकले तर कमीपणा. एकदा विकायचे नाही असे ठरले की त्याला लागलेले तास मोजण्याचेही कारण उरत नाही.

पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबांचे जन्मगाव. १८९५ साली त्यांचा तेथे जन्म झाला आणि बालपणही तेथेच गेले. सुताचा हिशेब विनोबांइतका काटेकोरपणे मांडणारा माणूस विरळा: टकळीवर दिवसभर सूत काढले तर मजुरी किती पडते आणि तेवढ्यात माणूस जगतो का, हे त्यांनी स्वतःवर प्रयोग करून पाहिले. चरख्याच्या त्या काळात क्रोशावर दोन आरोप सहज येत. एक, दोरा परदेशी, बहुधा स्कॉटलंडच्या कोट्स कंपनीचा. दुसरा, त्यातून अंगावरचे वस्त्र निघत नाही, झालर निघते. आरोप खोटे नव्हते. पण चरख्यावरच्या तासाला निदान 'काम' म्हणून मान मिळाला. क्रोशावरच्या तासाला तोही नाही.

याच तालुक्यात वडखळजवळ, अंबा नदीच्या खाडीकाठी डोलवी आहे. खाडीकाठच्या माणसाला दोऱ्याची विद्या नवी नाही. पाग असो की दुसरे जाळे, ते हातानेच विणले जाई, आणि ते काम पुरुषांचे. परंतु जाळे आणि क्रोशा यांत मूळचा भेद आहे. जाळ्यात प्रत्येक घराला गाठ असते. मासा एके ठिकाणी तोडून गेला तरी शेजारची घरे टिकतात. क्रोशात गाठ नाहीच. एकाच अखंड दोऱ्याचा फास, त्यातून दुसरा फास, त्यातून तिसरा. शेवटचा फास ओढा, महिन्याचे काम क्षणात दोरा होऊन मांडीवर पडेल. म्हणून तर शिकणारीला ही विद्या सोपी: चुकले तर उसवा, दोरा वाया जात नाही. पुढे नायलॉनची यंत्रावर विणलेली जाळी आली आणि हाताने जाळे विणणे मागे पडले. क्रोशाचे खरे टाके घालणारे यंत्र मात्र अजून कारखान्यात आलेले नाही. प्रयोगशाळांतून खटपट चालू आहे एवढेच. डोलवीला १९९० नंतरच्या दशकात पोलादाचा कारखाना उभा राहिला, आणि आज त्याची क्षमता वर्षाला कोटभर टनांची आहे. तेथे प्रत्येक टनाचा आणि प्रत्येक पाळीचा हिशेब होतो. त्याच खाडीकाठी कोणी बाई दुपारी ओटीवर बसून वीतभर पोलादी सुईने खांब घालत असेल, तर तिच्या दुपारचा हिशेब कोणत्याच वहीत नाही.

आता थोडे प्रत्यक्ष विणीविषयी. इंग्रजी नमुन्यांत एक मोठा घोळ आहे: एकच टाका इंग्लंडात एका नावाने आणि अमेरिकेत दुसऱ्या नावाने ओळखला जातो, आणि इंग्लंडातले नाव अमेरिकेत भलत्याच टाक्याला लावतात. पुस्तकावरून शिकणारीचा रुमाल त्यामुळे भलताच मोठा होतो. मराठी बायकांनी हा घोळ मुळातच होऊ दिला नाही. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब: जे दिसते ते नाव. उठावाची वीण याच खांबावर उभी आहे. एरवी खांब घालताना सुई खालच्या खांबाच्या माथ्यावरच्या साखळीत शिरते. उठाव हवा असेल तर माथा सोडायचा आणि सुई खालच्या खांबाच्या कमरेला वळसा घालून काढायची. पुढून शिरून पुढे निघाली तर नवा खांब वर उठतो. मागून शिरली तर खाली बसतो. चार खांब पुढून, चार मागून, आणि काही ओळींनी आलटापालट केली की समोर चटईची वीण दिसू लागते. किंवा एकाच घरात पाच खांब घालायचे, सुई फासातून काढून पहिल्याच्या माथ्यात घालायची आणि तो सुटा फास तिच्यातून ओढून घ्यायचा. पाच खांबांचा टपोरा दाणा उभा राहतो.

हे वाचून येणार नाही. दोरा डाव्या हाताच्या करंगळीवर किती घट्ट धरावा, हे कागद सांगू शकत नाही. शेजारी बसलेली आई किंवा मावशीच सांगते, आणि तीही तोंडाने नव्हे, मधूनच सुई आपल्या हातात घेऊन. एकदा हात बसला की डोळ्यांचे काम उरत नाही. उठावाचे टाके बोटाने मोजता येतात, मंद उजेडातही चुकत नाहीत.

तरीही आपल्या जुन्या रुखवतांत उठावापेक्षा सपाट जाळीच अधिक दिसते. कारण साधे आहे: उठाव दोरा खातो. त्याच मापाच्या तुकड्याला कितीतरी अधिक दोरा लागतो, आणि वीण जाड होते. कोकणच्या दमट हवेत जाड वीण पांघरणार कोण? लोकरीचे काय ते तान्ह्याचे टोपडे आणि कुंची. बारीक दोऱ्याची जाळी स्वस्त, धुवायला सोपी, आणि चौकटीच्या कागदावरून मोर, कलश, 'सुस्वागतम्' अशी अक्षरेही त्यात काढता येतात. आवडीनिवडीमागे खिसा असतो, तो असा.

या तासांचा हिशेब मांडायचा प्रयत्न झाला तो आंध्रात. गोदावरीच्या मुखाकडील नरसापूर भागात स्कॉटिश मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लेस आणली. ती लेस म्हणजे क्रोशाच. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तेथे राहून अभ्यास केला आणि १९८२ साली पुस्तक लिहिले. हजारो बायका परदेशी बाजारासाठी रोज कित्येक तास विणत होत्या, व्यापारी पुरुष श्रीमंत होत होते, आणि बायकांची नोंद मात्र 'गृहिणी' अशी. काम विचारले तर घरात बसून फावला वेळ घालवतो, असे त्या स्वतःच सांगत.

त्याच गोदावरीकाठी, राजमहेंद्रीला, १९०९ साली दुर्गाबाईंचा जन्म झाला. १९५३ साली त्यांचे लग्न रोह्याच्या देशमुख घराण्यातील चिंतामणरावांशी झाले. ते तेव्हा देशाचे अर्थमंत्री होते. त्याच वर्षी स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या दुर्गाबाई पहिल्या अध्यक्षा झाल्या. मंडळाच्या अनुदानावर खेडोपाडी महिला मंडळे आणि बालवाड्या निघाल्या, आणि त्यांच्या जोडीला शिवण-विणकामाचे वर्ग. वर्गात शिकलेली बाई पुढे काय करी? बहुतेक ठिकाणी तोरण, रुमाल, झबले. घरच्यासाठी, नाहीतर शेजारणीच्या मुलीच्या रुखवतासाठी. दोऱ्याचे पैसे शेजारीण देई. विणण्याचे मागायचे कसे, हे वर्गात शिकवलेले नसे.