नदीतला खेकडा आणि सोलापूरचे कोटणीस

मागच्या एपिसोडखाली बऱ्याच जणांनी विचारलं, चीनवर कधी बोलणार? तर आज बोलू. पण सुरुवात नळदुर्गच्या आमच्या घरातून.

जून २०२०. लॉकडाऊनमुळे मी पुण्याहून गावी येऊन काम करत होतो. गलवानमध्ये आपले २० जवान गेले आणि २९ जूनला सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲप बंद केली. माझ्या मावसभावाचे शेतातले सगळे व्हिडिओ एका रात्रीत गायब! त्याला समजवता समजवता मीच शोधत बसलो, की हे चिनी लोक आपसात नेटवर बोलतात तरी काय. पहिला धक्का लगेच बसला. चीनमध्ये टिकटॉक नाहीच. तिथे त्याच कंपनीचं डोयिन नावाचं वेगळं ॲप आहे. म्हणजे आपण ज्याला चीनचं इंटरनेट समजत होतो, ते तिथल्या माणसाच्या फोनवर नव्हतंच.

मग ट्रान्सलेट लावून जुन्या पोस्ट वाचायला लागलो. सारखा 'नदीतला खेकडा' यायचा. आई म्हणाली, "जगात काय चाललंय आन् तू खेकडे काय बघायलायस?" मलाही खाण्यापिण्याचीच चर्चा वाटली होती. नंतर कळलं. चिनीत 'सलोखा' आणि 'नदीतला खेकडा' हे शब्द ऐकायला जवळपास एकच, फरक फक्त सुराचा. सरकारची घोषणा होती सलोख्याचा समाज घडवायची. त्यामुळे कुणाची पोस्ट उडवली की लोक म्हणायचे, "सलोखा झाला." मग तो टोमणाही अडायला लागला, तेव्हा लोकांनी खेकडा आणला. ॲपने भाषांतर बरोबरच केलं होतं, मला काही कळलं नव्हतं ते वेगळं.

तेव्हा डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवले. नळदुर्गहून सोलापूर तासाभरावर. १९३८ मध्ये मात्र नळदुर्ग निजामाच्या राज्यात होतं आणि सोलापूर इंग्रजांच्या. शाळेत कोटणीसांबद्दल एक-दोन ओळींपलीकडे काही वाचल्याचं मला आठवत नाही. चीनला गेले, सेवा केली, वारले. बास.

जपानने चीनवर हल्ला केला होता आणि काँग्रेसने तिकडे डॉक्टरांचं पथक पाठवायचं ठरवलं. पाच जण होते: अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि मुंबईत शिकलेले २७ वर्षांचे कोटणीस. म्हणजे आज माझं जे वय आहे साधारण तेच, म्हणून हा आकडा मला जास्तच लागतो. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून बोट निघाली. तिथे पोचल्यावर काही महिन्यांत वडील गेल्याची बातमी आली, पण ते परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला, कम्युनिस्टांच्या तळावर पोचलं. पुढे कोटणीस थेट आघाडीवर गेले. जानेवारी १९४१ मध्ये ते बेथून इंटरनॅशनल पीस हॉस्पिटलचे प्रमुख झाले. ज्यांच्या नावाचं हे हॉस्पिटल, ते कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथून. १९३९ मध्ये ऑपरेशन करताना बोट कापलं आणि विष भिनून ते गेले.

यातली शौर्याची बाजू व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या सिनेमाने घरोघरी पोचवली. मला अडकवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. कोटणीस चिनी शिकले. नुसतं 'पाणी द्या, दुखतंय का' एवढं नाही, विद्यार्थ्यांना वर्गात शिकवता येईल इतकं. नाव घेतलं 'के दिहुआ', त्यातला 'हुआ' म्हणजे चीन. ग्वो छिंगलान या नर्सशी त्यांनी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ: 'यिन' भारत, 'हुआ' चीन. आणि ९ डिसेंबरला अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले. वय ३२. मूल चार महिन्यांचंही नव्हतं.

एक सांगून टाकतो, नाहीतर कमेंटमध्ये तुम्ही सांगालच. कोटणीसही काही तटस्थ नव्हते. शेवटच्या वर्षी ते कम्युनिस्ट पक्षात गेले. त्यांनी पाहिला तो युद्धातला, एका बाजूचा चीन. पण त्या बाजूच्या खेड्यांत, तिथल्या लोकांच्या भाषेत ते जवळजवळ चार वर्षं राहिले. आपल्याकडे आजचा चीन कुठून येतो? एकतर चकाचक पुलांची रील, नाहीतर वटवाघळाच्या सूपचा फॉरवर्ड.

आणि २०२० ची गंमत बघा. ऑगस्टमध्ये, म्हणजे गलवाननंतर दोनच महिन्यांनी, चीनमधून बातमी आली की शिजियाझुआंगमध्ये कोटणीसांच्या नावाच्या वैद्यकीय शाळेबाहेर त्यांचा ब्राँझचा पुतळा बसतोय. इकडे आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चिनी मोबाईल फोडायचे व्हिडिओ चालू होते. मी ती बातमी ग्रुपवर टाकली. बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. मग मावसभावाचा मेसेज आला, "हे आपल्या सोलापूरचे का?"

लॉकडाऊन उठल्यावर मी त्याला गाडीवर बसवून सोलापूरला घेऊन गेलो, भैय्या चौकातलं कोटणीसांचं स्मारक बघायला. तो आता रील टाकतो. मी रोज रात्री पाच चिनी अक्षरं गिरवतो. पाणी, डोंगर, माणूस झालेत. खेकड्याला अजून वेळ आहे, त्याच्यात रेघा फार आहेत.