लोणारचा खार आणि अबुल फजल

इतिहास म्हटला की आपल्याला बादशहांची यादी आठवते. पण जुन्या ग्रंथांत कारागिरांच्याही खुणा सापडतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाडचे वर्णन करताना लोणारची नोंद केली: काच आणि साबण बनवायला लागणारे साहित्य इथे मिळते.

छत्रपती संभाजीनगरहून सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या या सरोवराच्या पाण्यात सोडा आणि मीठ विरघळलेले आहे. पाणी आत येते, पण बाहेर वाहत नाही. वाफ होऊन उडते आणि क्षार मागे राहतात. उन्हाळ्यात पाणी आटले की द्रावण संपृक्त होते. मग पाण्यात न मावणारा क्षार स्फटिक होऊन खाली बसतो. खार काढणाऱ्यांनी त्याच्या प्रती ओळखून डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी नावे दिली होती.

जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा देशभर चर्चा झाली. क्षारता वाढल्याने मिठात जगणारे सूक्ष्मजीव बळावले होते. पाणी आटले की काय घडते, हे खार काढणारे पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले होते. अबुल फजलचे नाव राहिले. त्याच्या त्या नोंदीमागच्या हातांची नावे मात्र कुणी लिहिली नाहीत. आपला इतिहास लिहिताना ही उणीव आपणच भरून काढायला हवी.